पावणी आणि लिलाव

'लिलाव' हा शब्द मराठीचा नव्हे. पोर्तुगिजांच्या 'लेइलांव' या शब्दाने गोव्याच्या धक्क्यावर पाय ठेवला आणि घाट चढून तो देशावर गेला, तो आता इतका रुळला आहे की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही. लिन्सखोटेन नावाचा एक डच गृहस्थ १५८३ पासून काही वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने जुन्या गोव्याच्या 'रुआ दिरैता' या हमरस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले असून त्याचे एक चित्रही दिले आहे. अरबी घोडे, मसाले, मेलेल्या माणसांची चीजवस्तू आणि गुलाम म्हणून विकावयाची जिवंत माणसे ही सर्व तेथे एकाच आवाजात पुकारली जात. शब्दाचे हे जन्मस्थान वाचकांनी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवावे.

त्याच भूमीत दुसराही एक शब्द आहे, तो म्हणजे पावणी. उत्सव आटोपला, मखर उतरले, की देवापुढे आलेली फळे, नारळ, लुगडी-खण चौकात मांडून त्यांची पावणी होते. बोली चढत जाते, बाजारात चार आण्यांना मिळणारे फळ येथे चाळीस रुपयांना जाते, आणि घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटत नाही. वस्तूची किंमत त्याने केलीच नव्हती, देवाच्या भांडारात काहीतरी पडावे एवढे निमित्त त्याला हवे होते. फळ तो प्रसाद म्हणून घरी नेतो आणि पैसा देवाकडे राहतो. बाह्यतः पाहिले तर पावणी आणि लिलाव यांची रीत एकच आहे: पुकारणारा एक, बोलणारे अनेक, तीन वेळा हाक आणि सौदा पक्का. अंतरीचा फरक मात्र असा की पावणीत देव विकणारा असतो. लिलावात तो विकला जातो.

हे सर्व सुचण्याचे कारण म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावगृहांच्या भारतीय वस्तूंच्या काही याद्या अलीकडे आमच्या वाचनात आल्या. या याद्यांना आम्ही वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रकार मानतो. कागद उत्तम, छायाचित्रे अशी की समईचा काळवंडलेला काठही हाताला लागावा, आणि मजकूर लिहिणारे विद्वान असतात यातही शंका नाही. वस्तूचा क्रमांक, शतक, प्रांत, उंची, अंदाजी किंमतीचे दोन आकडे आणि मग 'पूर्ववृत्त'. हे पूर्ववृत्त म्हणजे आधीच्या धन्यांची नामावळी. अमक्या युरोपीय खाजगी संग्रहात, नंतर वारसाने, नंतर आणखी एका संग्रहात. चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. त्यामुळे वस्तू त्या सालापूर्वीच परदेशी होती असे दाखविण्याची धडपड या नामावळीत हटकून दिसते. मात्र ही नामावळी जेथून सुरू होते त्याच्या आधीचे पान बहुधा कोरे असते. कोणत्या गावाची, कोणत्या कुळाव्यांची, कोणत्या दिवशी गर्भकुडीतून बाहेर निघाली, याविषयी लेखणी मौन धरते. शैलीविषयी दोन परिच्छेद लिहू शकणारा पंडित गावाविषयी एक ओळही लिहीत नाही, हा या वाङ्मयप्रकारातील मूळचा दोष होय.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचे, भैरवाचे, कुलस्वामिनीचे टाक आणि मुखवटे असतील. दख्खनचे असे पितळी व तांब्याचे मुखवटे या याद्यांत वारंवार भेटतात. नाकाचे टोक आणि गालांची उंचवटी झिजून गुळगुळीत झालेली असते, आणि यादीकार ती झीज पूजेच्या हाताळणीची खूण म्हणून मोठ्या रसिकतेने नोंदवितो, कारण तिने अस्सलपणा सिद्ध होतो आणि किंमत वाढते. पाच-सहा पिढ्यांच्या बायकांनी रोज पहाटे चिंच लावून जो मुखवटा उजळला, त्या बायकांच्या बोटांचा येथे भाव होतो. वर्णन खोटे नाही. पण खरे वर्णन वाचूनही अंगावर काटा यावा, असा अनुभव आम्हांस तरी अन्यत्र आला नाही.

तथापि सगळे खापर लिलावगृहांवर फोडून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या तलवारीचेच पाहा. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीज या पेढीच्या लिलावात ही तलवार आली. पाते युरोपीय घडणीचे, मुठीवर सोन्याचे काम, आणि पात्यावर देवनागरीत रघूजींचे नाव, 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब व 'फिरंग' हा शब्द. फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या पात्याची तलवार. लिलाव आणि फिरंग हे दोन्ही शब्द समुद्रावरून आलेले सोयरेच म्हणावयाचे. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळविली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईस आली. यादी छापली गेली नसती तर ही तलवार कोणाच्या भिंतीवर आहे हे कोणासच कळले नसते. एवढे श्रेय यादीला दिलेच पाहिजे.

पण मिरवणुकीच्या जल्लोषात नागपूरचा आणखी एक लिलाव कोणाला आठवला नाही. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. त्यानंतर भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीस विक्रीला काढण्यात आले, वाड्यातील जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठविण्यात आले. वृद्ध बांकाबाई विरोध करीत राहिल्या. के या इंग्रज इतिहासकारानेच या विटंबनेची हकीगत खेदाने लिहून ठेवली आहे. त्या विक्रीच्या याद्या करणाऱ्यांनी बहुधा एकही अक्षर खोटे लिहिले नसेल. हत्ती एक, वय अमुक, भाव तमुक.

बडोद्याच्या वाचकांना मोत्यांच्या गालिच्याची कथा ठाऊकच असेल. खंडेराव गायकवाडांनी सुमारे १८६५ मध्ये हा गालिचा करविला. रेशीम आणि हरणाच्या कातड्याच्या तळावर अंदाजे पंधरा ते वीस लाख बसरा मोती, मध्ये हिऱ्यांची फुले, भोवती पाचू, माणके, नीलमणी. मदिनेस पैगंबरांच्या कबरीवर तो अर्पण करण्याचा महाराजांचा संकल्प होता असे सांगतात. १८७० साली महाराज वारले आणि गालिचा बडोद्यासच राहिला. १९०३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांनी तो पाहिला. पुढे प्रतापसिंहरावांच्या पत्नी सीतादेवी यांच्याबरोबर तो मोनाकोस गेला, आणि मार्च २००९ मध्ये कतारातील दोहा येथे सदबीजच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरांना विकला गेला. एका हिंदू राजाने दुसऱ्या धर्माच्या पवित्र स्थानासाठी बोललेला हा नवस, आणि तो शेवटी हातोड्याखाली फिटला! कलेच्या दृष्टीने आमचे मत विचाराल तर हा गालिचा आम्हांस फारसा भावत नाही. त्यातील वेलबुट्टी मोत्यांच्या श्रीमंतीखाली गुदमरून गेली आहे, आणि पाहणारा नक्षी पाहण्याऐवजी मोती मोजू लागतो. यादीकारानेही तेच केले. पण वस्तू सुंदर नसतानाही तिच्या मागील भाव थोर असू शकतो, आणि त्या भावाला यादीत रकाना नसतो. संकल्पाची ओळ तेथे आली ती किंमतीला पूरक म्हणून.

आता मूर्तीकडे वळू. येथे आमचे मन अधिक वेळ रेंगाळते.

बुंदेलखंडात लोखरी नावाचे एक गाव आहे. तेथे दहाव्या शतकातील वालुकाश्माच्या योगिनींचा एक समूह होता. देह स्त्रीचा, मुख पशूचे किंवा पक्ष्याचे, असे ते विलक्षण शिल्प होते. विद्या देहेजिया यांनी योगिनीपंथावरील आपल्या १९८६ च्या ग्रंथात त्यांची चर्चा केली. त्यांपैकी अजमुखी योगिनी १९८८ साली लंडनच्या लिलावबाजारात प्रकट झाली आणि पुन्हा दिसेनाशी झाली. ती सापडली ती इंग्लंडातील एका घराच्या बागेत, आणि २०२२ च्या मकरसंक्रांतीस भारतीय वकिलातीच्या स्वाधीन झाली. तिची महिषमुखी भगिनी त्याआधी २०१३ मध्ये पॅरिसहून परतली होती. योगिनींची रचना मंडलाची असते. प्रत्येकीचे स्थान शेजारणीवरून ठरते. त्यातील एक उपटून बागेत उभी केली म्हणजे पंक्तीतील एक शब्द फोडून चौकटीत लावण्यासारखे होते. यादीतील छायाचित्र कितीही निर्दोष असो, ते एकटीचे असते. पार्श्वभूमी काळी, प्रकाश एका बाजूने, आणि मूर्ती जणू कोणाचीच नव्हती अशी. मूर्तीचे मूर्तिपण नाहीसे करून तिला 'शिल्प' करणारे खरे हत्यार हे काळे पार्श्वपट आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट तमिळ देशीच्या पत्तूरचा नटराज. १९७६ साली एका मजुरास जमीन खणताना तो सापडला, दलालांच्या हातून लंडनला पोहोचला आणि एका कॅनेडियन कंपनीने १९८२ मध्ये विकत घेतला. हा सौदा लिलावातला नव्हता, पण त्यावर झालेला खटला प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांनी वाचावा असा आहे. मूर्तीवरची माती आणि वाळवीच्या खुणा यांचीही तेथे साक्ष झाली. पत्तूरचे शिवालय तर मोडून पडलेले, कित्येक पिढ्या तेथे दिवाही लागला नव्हता. तरीही १९८८ मध्ये आणि अपिलात १९९१ मध्ये इंग्रजी न्यायालयांनी त्या भग्न देवळाचा दावा मान्य केला आणि नटराज स्वदेशी आला. देवता ही कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालीच एका बंगाली खटल्यात उचलून धरले होते. यादीकाराचे गद्य आणि न्यायाधीशाचे गद्य शेजारी ठेवून पाहावे: पहिल्यात नटराज कर्माच्या विभक्तीत येतो, दुसऱ्यात तो कर्ता होतो.

गोव्याच्या वाचकांना हे नवे वाटू नये. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. सोळाव्या शतकात रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून आलेल्या या देवतांचेही 'पूर्ववृत्त' आहेच. त्यात जुन्या गावाचे नाव पहिल्या ओळीत येते, आणि ते आजही पालखीपुढे उच्चारले जाते.

एक पोटभेद मात्र सांगितलाच पाहिजे, नाहीतर आम्ही सरसकट लिलावविरोधक ठरू. गोमंतकीय घराण्यातील, नागपुरास १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ६७ कोटींवर गेले. चित्र विकण्यासाठीच काढलेले असते. त्याचा लिलाव झाला म्हणून कोणाचे दैवत दुखावत नाही. रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा, अशा संथ रीतीने वर्षाकाठी मोजकीच चित्रे करणारा हा चित्रकार २००१ साली वारला तेव्हा फार थोड्यांना त्याची वार्ता होती. आकडा मोठा झाला म्हणून चित्र अधिक समजले असे होत नाही. पुनर्विक्रीत कलावंताचा व त्याच्या वारसांचा हिस्सा असावा असे आपला ग्रंथस्वामित्वाचा कायदा सांगतो, पण लिलावाच्या बातम्यांत त्या हिश्शाचा उल्लेख आम्ही तरी कधी वाचला नाही. एवढे बोलून हा विषय सोडतो, कारण आमचे दुखणे दुसरे आहे.

ते दुखणे घरचे आहे. आमच्या पाहण्यातील एका देवस्थानाचा काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. फणसाच्या लाकडाचे कोरीव खांब काढून त्या जागी चकचकीत फरशी लावलेले सिमेंटचे खांब आले. जुन्या खांबांचे काय झाले असे विचारता, 'एक व्यापारी घेऊन गेला, लाकूड किडलेलेच होते,' असे उत्तर मिळाले. रक्कम सांगितली ती एका दिवसाच्या अन्नसंतर्पणाला पुरली नसती. लामणदिवे आणि जुनी प्रभावळ कोठे आहे, या प्रश्नावर समितीतील मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. तेथे कोणी चोर शिरला नव्हता. ते खांब उद्या एखाद्या यादीत काळ्या पार्श्वपटावर उभे राहिले, तर त्यांचे पूर्ववृत्त कोरे ठेवण्याचा दोष यादीकाराचा की आमचा? तो बिचारा लिहिणार तरी काय? गावाचे नाव आम्हीच पुसले.

शंभर वर्षांपलीकडील मूर्ती व शिल्पे देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, आणि अशा मूर्तींची छायाचित्रांसह नोंदणी करावी असेही तो सांगतो. दक्षिणेकडील कित्येक चोरीच्या मूर्ती परत मिळाल्या त्या पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५६ पासून देवळोदेवळी फिरून काढलेल्या छायाचित्रांच्या आधारे. परदेशी संग्रहालयातील मूर्ती आणि जुन्या कृष्णधवल चित्रातील मूर्ती, हाताचा तोच तुटका अंगठा, पीठावरची तीच चीर. वकिलाला अधिक काही बोलावे लागत नाही. आमच्याकडील देवस्थानांत हिशेबाच्या वह्या चोख असतात. पावणीत कोणत्या वर्षी केळीचा घड कितीला गेला आणि कोणी घेतला, हे दोन पिढ्यांमागचेही सापडते. त्याच कपाटात मूर्ती, मुखवटे, समया आणि खांब यांची मोजमापासह, छायाचित्रासह एक वही आहे काय, हे आम्ही गेल्या वर्षभरात भेटलेल्या महाजनांना विचारीत आलो. बहुतेकांनी केळीच्या घडाची वही दाखविली.