झेडएफएस : एका पत्त्याचं रसग्रहण

नवी हार्ड डिस्क फॉरमॅट करायला घेतली की पडद्यावर फाइल सिस्टिमची नावं येतात. एनटीएफएस, एक्सफॅट, ईएक्सटी४, बीटीआरएफएस, झेडएफएस. बहुतेक जण वेगाचे आकडे पाहून निवडतात, नाहीतर संगणकानं आधीच निवडून ठेवलेल्या नावाला ‘ओके’ म्हणतात. माझा आग्रह आहे की फाइल सिस्टिम आधी वाचावी. तिच्या कर्त्यांना कशाची धास्ती होती, ते तिच्या रचनेत स्वच्छ दिसतं.

ईएक्सटी३ला धास्ती होती वीज जाण्याची. २००१ मध्ये ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आली तीच जर्नल घेऊन: काय बदलायचं ते आधी नोंदवहीत लिहायचं, मग जागेवर. २००८ पासून वापरात असलेल्या ईएक्सटी४नं तीच शिस्त पुढे चालवली. एनटीएफएसकडे ती १९९३ पासूनच आहे. कसाला उतरलेली कामं आहेत ही. पण तिघींनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: डिस्क जे परत देते तेच आपण तिला दिलं होतं. ईएक्सटी४ आता स्वतःच्या नोंदींना चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, लावते, तुमच्या फायलींतल्या मजकुराला नाही.

झेडएफएसनं हा विश्वास टाकलाच नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनी २००१ साली काम सुरू केलं आणि २००५ मध्ये तिचा कोड सोलारिसमध्ये दाखल झाला. तिची थोरवी सांगताना तिच्या अफाट क्षमतेचे आकडे दिले जातात. मला त्यांचं अप्रूप नाही, तेवढी जागा कुणालाच लागत नाही. माझा जीव जडला आहे तो तिच्या ब्लॉक पॉइंटरवर. एका ब्लॉकनं दुसऱ्याचा ठावठिकाणा सांगायची ही नोंद, अवघी १२८ बाइटांची.

तिच्यात सुरुवातीलाच तीन पत्ते आहेत, प्रत्येकी १६ बाइटांचे. तोच मजकूर तीन ठिकाणी ठेवता यावा म्हणून तीन. साध्या फाइलच्या मजकुराला एकच पत्ता वापरतात, बाकीचे कोरे राहतात. डिरेक्टरीसारख्या, मजकूर शोधून देणाऱ्या नोंदींना दोन. आणि ज्यांच्यावर सगळा डोलारा उभा आहे त्या नोंदींना तीन. ज्याच्या जाण्यानं नुकसान मोठं, त्याच्या प्रती जास्त. डिस्क एकच असली तरी हे पाळलं जातं, आणि प्रती शक्यतो एकमेकींपासून लांब ठेवल्या जातात.

मग ८ बाइट गुणधर्मांचे: ब्लॉकची लांबी, तो कोणत्या पद्धतीनं कॉम्प्रेस केला, वगैरे. त्यातलं एक बिट मला फार आवडतं. ब्लॉक लिहिणाऱ्या यंत्रानं बाइट कोणत्या क्रमानं मांडले, ते हे बिट सांगतं. सन कंपनी स्पार्क प्रोसेसरची यंत्रं विकत होती आणि इंटेलच्या घराण्यातलीही. दोघांचा क्रम एकमेकांच्या उलटा. ठरलं ते असं: लिहिणाऱ्यानं आपल्याच क्रमानं लिहावं, वाचणाऱ्याला तो उलटा पडला तर त्यानं फिरवून घ्यावा.

पुढचे १६ बाइट रिकामे. मूळ आराखड्यात आठ-आठ बाइटांची अशी तीन घरं मोकळी होती, नंतर गरज पडली तेव्हा एक कामी आलं.

आता जन्मनोंद. झेडएफएस बदल गठ्ठ्यागठ्ठ्यानं लिहिते आणि प्रत्येक गठ्ठ्याला चढता क्रमांक देते. ब्लॉक कितव्या गठ्ठ्यात जन्मला, तो आकडा पॉइंटरमध्ये असतो. स्नॅपशॉटचं, म्हणजे एखाद्या क्षणीचा मजकूर तसाच जपून ठेवण्याचं, सगळं सुख या एका आकड्यावर आहे. वापरात असलेल्या मजकुरावर ही सिस्टिम नवा मजकूर लिहीत नाही, बदललेलं नव्या जागी लिहिते. मग जुनी जागा मोकळी करायची की राखायची? ब्लॉक शेवटच्या स्नॅपशॉटनंतर जन्मला असेल तर सोडायचा, आधीचा असेल तर राखायचा. एक तुलना, की निकाल. कालपासूनचे बदल दुसऱ्या यंत्रावर पाठवतानाही हाच आकडा उपयोगी पडतो: ब्लॉकांच्या झाडातल्या एखाद्या फांदीचा क्रमांक जुना दिसला की तिच्याखाली उतरायचंच नाही.

शेवटचे ३२ बाइट चेकसमचे, आणि सगळ्या रचनेचा प्राण इथे आहे. हा चेकसम पॉइंटर ज्या ब्लॉकमध्ये आहे त्याचा नाही, तो ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याचा. पडताळणीचा आकडा मजकुराशेजारीच ठेवणं म्हणजे विद्यार्थ्यालाच आपली उत्तरपत्रिका तपासायला देणं. कारण डिस्क कधी कधी ‘लिहिलं’ म्हणते आणि लिहीत नाही. तिथे जुना मजकूर, शेजारी जुनाच चेकसम, आणि दोघं एकमेकांशी अचूक जुळतात. आकडा वरच्या ब्लॉकमध्ये असला की ही लबाडी वाचतानाच पकडली जाते. वरच्याचा चेकसम त्याच्याही वर, असं करत थेट उबरब्लॉकपर्यंत. झाडाची ही कल्पना राल्फ मर्कल यांची, १९७९ सालची. उबरब्लॉकच्या वर कुणी नाही, म्हणून तो आपला चेकसम स्वतःच बाळगतो. मात्र नवा उबरब्लॉक आधीच्यावर न लिहिता पुढच्या घरात लिहिला जातो, आणि या घरांच्या रांगेच्या प्रत्येक डिस्कवर चार प्रती असतात, दोन आरंभी, दोन अखेरीस. वीज गेलीच तर सर्वांत नवा धड उबरब्लॉक शोधून तिथून पुढे चालायचं.

याचं फळ पाहायचं तर स्क्रबनंतरचा, म्हणजे सगळा मजकूर वाचून चेकसम पडताळून झाल्यावरचा, स्थितिअहवाल उघडावा. प्रत्येक डिस्कपुढे तीन रकाने असतात: वाचनातल्या चुका, लेखनातल्या चुका, चेकसमच्या चुका. पहिल्या दोहोंत शून्य आणि तिसऱ्यात आकडा, म्हणजे डिस्कनं एकदाही तक्रार न करता चुकीचा मजकूर हाती दिला. मिरर, म्हणजे दोन डिस्कवर तोच मजकूर, असेल तर दुसऱ्या डिस्कवरची धड प्रत आणून ही सिस्टिम बिघडलेली जागा स्वतः दुरुस्त करते. डिस्क एकटीच असेल तर बिघडलेल्या फाइलचं नाव कळतं, मजकूर सहसा परत येत नाही.

उणिवा आहेत. नव्या जागी लिहिण्याच्या सवयीमुळे डेटाबेसच्या फायली विखुरतात, आणि डिस्क काठोकाठ भरत आली की वेग पडतो. परवान्याच्या अडचणीमुळे ती लिनक्सच्या कर्नलमध्ये नाही, वेगळी बसवावी लागते. वेगळं बसवणं नको असेल त्यानं बीटीआरएफएस पाहावी. ती २००९ पासून कर्नलमध्येच आहे आणि मजकुरालाही चेकसम लावते. अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या तिच्या रेड-५ आणि रेड-६ या पद्धती मात्र टाळाव्यात, तसा इशारा तिच्याच दस्तऐवजात आहे.

रोजच्या लिनक्स लॅपटॉपला ईएक्सटी४ पुरते. यंत्रायंत्रांत फिरणाऱ्या पेनड्राइव्हला एक्सफॅट बरी. पण आजीच्या आवाजाची रेकॉर्डिंग, लग्नाचे फोटो, जुन्या पत्रांची स्कॅन जिथे वर्षानुवर्षं पडून राहणार, तिथे दोन डिस्क घ्या, झेडएफएसचा मिरर करा आणि महिन्यातून एकदा स्क्रब चालवा. चोरी, आग आणि आपल्याच हातून पुसलं जाणं यांवर मिररचा इलाज नाही, म्हणून तिसरी प्रत घराबाहेर ठेवा.