गुणाचा जबडा

कॉलेजच्या गॅदरिंगला मला बाईचा रोल मिळाला, तोही मी न मागता. कारण एकच, "तुझा चेहरा जमतोय की!" साडी नेसलो, टाळ्या मिळाल्या. पुढची तीन वर्षं होस्टेलवर एक नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यामुळे रवी जाधवचा 'नटरंग' (२०१०) बघताना माझं लक्ष गाण्यांपेक्षा अतुल कुलकर्णीच्या जबड्याकडे जास्त जातं.

आनंद यादवांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा आमच्या शेजारच्या कागलचा. गुणा हा पैलवानी अंगाचा शेतमजूर. विहिरीवर पंप बसतो आणि त्याचं काम जातं. त्याला फडात राजा व्हायचं असतं, पण फडाला नाच्या हवा असतो. कुलकर्णीनं या भूमिकेसाठी आधी अंग कमावलं, मग उतरवलं. पण वजन उतरतं, हाड उतरत नाही. नाच्या झालेल्या गुणाचा जबडा पैलवानाचाच राहतो.

हे बरोबरच आहे. पुढच्याच वर्षी जाधवनं 'बालगंधर्व' केला. तिथे विक्रम गायकवाडांच्या रंगभूषेनं सुबोध भावेचा चेहरा इतका मऊ केला, की पुरुष विसरायला होतो. स्त्रीपार्टीचं तेच काम. नाच्याचं उलटं असतं. हा पुरुष आहे हे प्रेक्षकाला दिसत राहावं लागतं, हशा त्याच फटीतून येतो. म्हणून 'नटरंग'चा कॅमेरा जबडा लपवत नाही. बाईपण मान, कंबर, मनगट आणि आवाजात येतं.

आता हाडांचं. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचा खालचा जबडा मोठा होतो, हनुवटी रुंद होते, भुवयांवरचं हाड पुढे येतं. पण हे सगळं सरासरीनं. दोन्ही आलेख एकमेकांवर बरेच चढलेले असतात. नुसत्या सांगाड्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवताना तज्ज्ञसुद्धा कवटीपेक्षा कमरेच्या हाडावर जास्त भरवसा ठेवतात. मोबाईलमधला चेहरा बदलणारा फिल्टर मात्र जबडा जरा निमुळता करतो आणि म्हणतो, घ्या, झाली बाई. आमचं होस्टेल त्या फिल्टरसारखंच चालायचं.

माझी तक्रार इथून सुरू होते. गुणाची विटंबना होते, त्याच्यावर अत्याचार होतो, आणि आपण हळहळतो. पण सिनेमानं आपल्याला आधीच निर्धास्त केलेलं असतं. आपण त्याचे दंड पाहिलेत, घरी बायको-पोर पाहिलंय, नयनाचा जीव त्याच्यावर जडलेला पाहिलाय. हा 'खरा' मर्द आहे, फक्त कलेपायी नाच्या झालाय! आपला राग अन्यायावर कमी आणि गैरसमजावर जास्त असतो.

समजा गुणाचा जबडा निमुळता असता. अंग बारीक असतं, चाल मुळातच तशी असती. मग त्याची विटंबना कमी अन्यायाची ठरली असती का? हा प्रश्न सिनेमा विचारत नाही. पैलवानाचं अंग देऊन तो त्यातून सुटतो.

तरीही मी 'नटरंग' पुन्हा बघणार. बाईपण हाडात नसतं, हे त्या रुंद जबड्याखालच्या मानेच्या एका झटक्यात कुलकर्णी दाखवतो. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, पुरुषपणही हाडात नसतं. तेवढं म्हणायला सिनेमा कचरला.