खर्ड्याच्या रणांगणावरील फरासीस : व्यक्ती, कवायत आणि राज्यक्रांती

फ्रान्सच्या इतिहासातील राजकीय स्थित्यंतरांचा आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचा संबंध काय, असा प्रश्न पदव्युत्तर वर्गात निघाला, की त्याचे उत्तर बहुधा व्यक्तींच्या नामावळीने दिले जाते. नाना फडणिसांच्या दरबारी १७७७ मध्ये आलेला सँ ल्युबँ, महादजी शिंद्यांच्या पदरी राहिलेला द बॉयन्य, त्याच्यामागून आलेला पेराँ, तुकोजी होळकरांकडील द्युद्रनेक, निजामाकडील रेमाँ, अशी ही नामावळी आहे. नावे खरी आहेत व त्यांच्या कर्तबगारीविषयीही फारसा वाद नाही. परंतु ही नामावळी उच्चारली म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीचा मराठेशाहीशी असलेला संबंध सिद्ध झाला, असा जो समज आपल्या लेखनात दृढ झाला आहे, तो तपासून पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

या तपासणीसाठी दूर जावे लागत नाही. उत्तरेस प्रवरेचे नाव धारण करणाऱ्या राहुरी तालुक्यातील देवळालीपासून दक्षिणेस जामखेड तालुक्यातील खर्ड्यापर्यंत पसरलेल्या एकाच जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, या प्रश्नाची जवळजवळ सर्व सामग्री उपलब्ध आहे.

१

मार्च १७९५ मध्ये खर्ड्यास मराठे व निजाम यांची गाठ पडली. मराठ्यांच्या बाजूस परशुरामभाऊ पटवर्धनांचे सेनापतित्व होते व मसलत नाना फडणिसांची होती. महादजी शिंदे १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस निवर्तले होते. त्यांचे वारस दौलतराव यांच्या फौजेत द बॉयन्यने तयार केलेल्या कवायती पलटणी होत्या आणि त्यांचे नेतृत्व पेराँकडे होते. होळकरांच्या कवायती तुकडीवर द्युद्रनेक होता. समोर निजामाच्या बाजूस रेमाँच्या पलटणी उभ्या होत्या. लढाई प्रत्यक्षात मोठी रक्तपाताची झाली नाही. रेमाँच्या पायदळाने आरंभी काही नेट धरला. परंतु निजामाने रात्री खर्ड्याच्या गढीकडे माघार घेण्याचे ठरविले आणि रेमाँस त्याच्यामागून जावे लागले. पुढे गढी कोंडली गेली, तह झाला, दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन झाला.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की एकाच देशातून आलेले व एकच भाषा बोलणारे सेनानी परस्परांवर तोफा डागीत होते. खर्डा हा याचा पहिलाच प्रसंगही नव्हता. १७९३ मध्ये लाखेरीस शिंदे व होळकर यांचे युद्ध झाले, तेव्हा द बॉयन्यच्या पलटणींनी द्युद्रनेकच्या पलटणींचा धुव्वा उडविला होता.

त्या वेळी फ्रान्समध्ये काय चालले होते? राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद जानेवारी १७९३ मध्ये झाला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्रातील सर्व धडधाकट पुरुषांस सैन्यात पाचारण करणारा हुकूम निघाला. जुलै १७९४ मध्ये रोब्सपिएरचा वध झाला. म्हणजे खर्ड्याच्या दिवशी फ्रान्समध्ये प्रजासत्ताक होते, भीषण दहशतीचा काळ संपला होता आणि नवे संविधान घडत होते. या स्थित्यंतराचे प्रतिबिंब खर्ड्याच्या मैदानावर कोठे दिसते काय, हा खरा प्रश्न आहे.

२

या प्रश्नास दोन उत्तरे आजवर दिली गेली आहेत. पहिले उत्तर इंग्रजी आहे. रेमाँच्या पलटणींचे निशाण तिरंगी होते, त्यांच्या गुंड्यांवर स्वातंत्र्याच्या टोपीचे चिन्ह होते, पेराँ यमुनेच्या काठी फ्रेंच राज्य स्थापीत होता, अशी ही मांडणी आहे. गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्या पत्रव्यवहारात ती जागोजाग आढळते व पुढे हर्बर्ट कॉम्प्टनच्या १८९२ मधील साहसवीरांच्या वृत्तान्तापर्यंत अनेक ग्रंथांत तिचे पडसाद उमटले आहेत. दुसरे उत्तर आपल्याकडील आहे. काही लेखकांनी इंग्रजी मांडणीतील भीती तेवढी काढून टाकली आणि तिच्या जागी अभिमान ठेवला. जे इंग्रजांना संकट वाटले, ते आपणांस हुकलेली संधी वाटू लागले. परंतु दोन्ही उत्तरांचे गृहीतक एकच आहे. फ्रेंच माणूस आला म्हणजे फ्रान्सचे राजकारण आले, असे दोघांनीही मानले आहे.

हे गृहीतक साधनांच्या कसोटीस उतरत नाही. निशाणाविषयीची वर्णने मुख्यतः १७९८ च्या सुमाराची आहेत आणि ती लिहिणारांचा हेतू उघड आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात निजामाशी तैनाती फौजेचा तह झाला व ऑक्टोबरात हैदराबादेतील फ्रेंच पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. रेमाँ त्यापूर्वीच, मार्चमध्ये, मरण पावला होता. जे सैन्य मोडावयाचे असते, त्याचे धोके मोठ्या अक्षरांत लिहिले जातात, हा दरबारी लेखनाचा नियम येथेही लागू आहे. श्रीरंगपट्टणच्या तथाकथित जॅकोबिन मंडळाविषयीचे कागद टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांनीच प्रसिद्ध केले आणि त्यांच्या विश्वसनीयतेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, ही गोष्टही येथे स्मरणात ठेवावी.

व्यक्तींची चरित्रे पाहिली तर हे गृहीतक अधिकच डळमळते. द बॉयन्य हा जन्माने फ्रान्सचा प्रजाजनही नव्हता. तो सव्हॉय प्रांतातील शाम्बेरीचा. तो प्रांत सार्डिनियाच्या राजाचा होता व फ्रान्सने तो १७९२ मध्ये, म्हणजे द बॉयन्य हिंदुस्थानात असतानाच, आपल्या राज्यास जोडला. फ्रान्सच्या आयरिश पलटणीत, रशियाच्या सेवेत, नंतर इंग्रज कंपनीच्या मद्रास पायदळात आणि शेवटी महादजींकडे, असा त्याचा प्रवास आहे. १७९५ च्या अखेरीस तो निवृत्त झाला आणि आधी इंग्लंडमध्ये राहिला. द्युद्रनेक ब्रिटनी प्रांतातील कुलीन घराण्याचा; क्रांतीने ज्या वर्गाचे विशेषाधिकार रद्द केले, त्या वर्गाचा. पेराँ मात्र कापडाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबातला, खलाशी म्हणून आलेला, जहाज सोडून पळालेला. क्रांतीने ‘ज्याच्या अंगी गुण त्याला वाट’ हे जे तत्त्व पुकारले, त्याचे उदाहरण द्यावयाचे तर पेराँचे देता येईल. परंतु ती वाट त्यास मराठेशाहीत मिळाली आणि क्रांतीच्या आधीपासून तो त्या वाटेवर होता. त्याच्या उत्कर्षाचे श्रेय पॅरिसला देण्याचे कारण नाही.

३

मग या सेनानींबरोबर काय आले? कवायत आली, तोफा ओतण्याची विद्या आली, पगाराची शिस्त आली. परंतु ही विद्या क्रांतीहून जुनी आहे. बुसीच्या हाताखाली शिकलेला इब्राहीमखान गारदी १७६१ मध्ये पानिपतावर लढला, तेव्हा राज्यक्रांतीस अठ्ठावीस वर्षे अवकाश होता. कवायतीचा ओघ बूर्बाँ राजांच्या फ्रान्समधून निघाला होता. क्रांतीने त्या कवायतीत जी नवी भर घातली, ती मात्र इकडे पोहोचली नाही. ती भर म्हणजे नागरिक असलेला शिपाई.

या ठिकाणी मराठी लेखनातील एका प्रचलित वादाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायतीची कास धरली हेच त्यांच्या नाशाचे कारण, असे एक मत आहे; कवायत पुरेशी आत्मसात केली नाही हे कारण, असे दुसरे. दोन्ही पक्ष युद्धतंत्राविषयी बोलतात. शिपाई कोणाचा, हा प्रश्न त्यांत दुय्यम ठरतो. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ मधील आपल्या ग्रंथात मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेचा विचार करताना या बाजूकडे लक्ष वेधले आहे. द बॉयन्यच्या पलटणींतील भरती प्रामुख्याने अंतर्वेद, अयोध्या व रोहिलखंड या मुलुखांतली होती आणि तिचा खर्च अंतर्वेदीतील महालांच्या वसुलातून चाले. प्रवरा, मुळा व सीना यांच्या काठचा कुणबी त्या पलटणींत फारसा नव्हता. त्याच्या वाट्यास त्या फौजांची दाणावैरण तेवढी आली. फ्रान्समध्ये शेतकरी हा नागरिक म्हणून बंदूक उचलीत असता, येथे शेतकरी आणि बंदूक यांची फारकत होत होती.

१८०३ चे युद्ध ही या व्यवस्थेची कसोटी होती. ऑगस्टच्या ८ तारखेस आर्थर वेलस्लीने अहमदनगरची पेठ घेतली व १२ तारखेस किल्ला घेतला. हाच पुढे १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणार होता. उत्तरेत सप्टेंबरच्या ४ तारखेस अलीगड पडले आणि काही दिवसांतच पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. मायदेशी परतून तो १८३४ पर्यंत जगला. इतर बहुतेक युरोपीय अधिकाऱ्यांनीही हाच मार्ग पत्करला. परंतु पलटणी पळाल्या नाहीत. नोव्हेंबरच्या १ तारखेस लासवारीस त्या आपले जुने अधिकारी नसताना लढल्या आणि इतक्या निकराने लढल्या, की जनरल लेकनेही आपल्या पत्रांत त्याची कबुली दिली. ‘फ्रेंच फौज’ हे नाव किती वरवरचे होते, हे याहून स्पष्ट दिसणार नाही. फ्रेंच निघून गेले, फौज राहिली. तिचे शौर्य तिचे स्वतःचे होते. मात्र ते शौर्य ज्या राज्यासाठी वेचले गेले, त्या राज्यात तिला हक्काचे असे स्थान नव्हते.

याच किल्ल्याशी निगडित असा आणखी एक प्रसंग येथे नमूद करावा. दौलतरावांच्या पदरी असलेला नेपल्सचा मायकेल फिलोज याच्या शपथेवर विसंबून नाना फडणीस ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या गोटात गेले व कैद झाले. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. खर्ड्याचा विजय घडवून आणणारा मुत्सद्दी तीन वर्षांच्या आत त्याच जिल्ह्यात बंदिवान झाला. राज्यात स्थित्यंतर होत नव्हते असे नव्हे. ते गोटागोटांतून, शपथा व कैदा यांच्या द्वारे होत होते. त्यास प्रजेची संमती लागत नव्हती.

४

भाषेची साक्षही हेच सांगते. अठराव्या शतकातील मराठी कागदांत फ्रेंचांस ‘फरासीस’ व एकंदर युरोपीयांस ‘टोपीकर’ म्हटले आहे. मसलत, कारस्थान, सरंजाम, दौलत, रयत हे त्या राजकारणाचे शब्द आहेत. यांतील ‘रयत’ हा शब्द घेऊन पाहावा. रयतेचा सांभाळ करावयाचा असतो, तिला कौल द्यावयाचा असतो. राज्य तिचे असते, हा अर्थ त्या शब्दात मावत नाही. फ्रान्समध्ये याच काळात ‘प्रजाजन’ हा शब्द मागे पडून ‘नागरिक’ हा शब्द पुढे आला. हा पालट पेराँच्या तोफखान्यातून येण्याजोगा नव्हता.

तो आला वेगळ्या वाटेने आणि बऱ्याच उशिरा. टॉमस पेन हा इंग्रज लेखक १७९२ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय परिषदेवर निवडून गेला. राजाला देहान्त शिक्षा देऊ नये असे मत त्याने तेथे दिले आणि पुढे तुरुंगवासही भोगला. मनुष्याच्या हक्कांवरील त्याचा ग्रंथ जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास वाचला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतीरावांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या परंपरेतील ‘दीनमित्र’ हे पत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून चालविले आणि त्याचे वास्तव्य पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यात होते. देवळाली प्रवरेच्या शेजारच्या तालुक्यात, खेड्यातील छापखान्यातून निघणाऱ्या पत्राने कुणब्याला त्याच्या हक्कांची भाषा वाचावयास दिली. खर्ड्याच्या तोफांस तेव्हा शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

येथेही सरळ उसनवारीचे विधान करून चालणार नाही. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही आपली तत्त्वत्रयी फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतलेली आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ मधील आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले. हे विधान केवळ अभिमानाचे म्हणून सोडून देणे अभ्यासकास शोभणार नाही. बाहेरची कल्पना येथे रुजते ती येथील एखाद्या जुन्या प्रश्नाचे उत्तर म्हणून, आणि तो प्रश्न विचारणारा माणूस येथलाच असावा लागतो, हे तत्त्व त्यात आहे. फुल्यांपाशी तो प्रश्न होता, म्हणून त्यांना पेन उपयोगी पडला. दौलतरावांपाशी तो नव्हता, म्हणून पेराँ जवळ असूनही त्यांस फ्रान्स दिसला नाही.

५

सारांश असा, की राजकीय स्थित्यंतराचा इतिहास नामवंत व्यक्तींच्या येण्याजाण्याने मोजणे ही आपल्या लेखनातील एक मोठी उणीव आहे. खर्ड्यास फ्रेंच माणसे दोन्ही बाजूंस होती, पण फ्रेंच राज्यक्रांती कोणत्याच बाजूस नव्हती. तरवडीस एकही फ्रेंच माणूस नव्हता, तथापि मनुष्यमात्राच्या हक्कांचा विचार तेथे छापला जात होता. नव्या अभ्यासकांनी दरबारी पत्रव्यवहारातील ‘फ्रेंच पक्ष’ हा शब्द शत्रूने दिलेले नाव म्हणून वाचावा. आणि पलटणींच्या हजेऱ्या, महालांचे हिशेब व ग्रामीण वृत्तपत्रांचे अंक यांस सेनानींच्या चरित्रांइतकेच महत्त्व द्यावे. शिपाई कोठला, त्याचा पगार कोणाच्या शेतातून येतो आणि त्या शेताचा धनी स्वतःस काय म्हणवितो, या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडल्याखेरीज महाराष्ट्रातील राजकीय स्थित्यंतराचा इतिहास पूर्ण होणार नाही.