व्हायलवरची एक ओळ

‘अँटी-ह्यूमन सीडी19, पीई, क्लोन एचआयबी19, माउस आयजीजी1 कॅपा.’ अँटिबॉडीच्या, बोटाच्या पेराएवढ्या व्हायलवर मावणारा हा मजकूर. त्यात क्रियापद नाही की विशेषण नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके 982 चा शिलालेख वाचताना अक्षराअक्षरावर थांबावं लागतं. ही ओळही तशीच वाचावी लागते, कारण तिच्यात एकही शब्द भरतीचा नाही.

सुरुवात ‘सीडी19’पासून करू. रक्तातल्या बी पेशींच्या अंगावर असणारं हे एक प्रथिन. एके काळी त्याला कुठे ‘बी4’ म्हणत, तर कुठे ‘लिउ-12’. एका प्रयोगशाळेचं म्हणणं दुसरीला कळायला अशाने अडचण होई. 1982 मध्ये पॅरिसला भरलेल्या कार्यशाळेपासून अशा प्रथिनांना सामाईक क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली, आणि परळच्या डॉक्टरला जे म्हणायचं आहे तेच बोस्टनच्या डॉक्टरला ऐकू येऊ लागलं.

‘क्लोन’ आणि ‘माउस’ या दोन शब्दांमागे 1975 सालचं केंब्रिज आहे. कोलर आणि मिल्स्टाइन यांनी उंदराची बी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. त्या जोडपेशीला मरण उरलं नाही आणि ती एकाच घडणीची अँटिबॉडी अखंड बनवत राहिली. ‘एचआयबी19’ हे अशाच एका क्लोनचं नाव, ‘आयजीजी1 कॅपा’ हा त्याच्या अँटिबॉडीचा प्रकार. 1984 मध्ये या कामाला नोबेल मिळालं. या ओळीतलं मला सर्वांत भावलेलं सौंदर्य इथे आहे: उंदराच्या बी पेशीने घडवलेला रेणू माणसाची बी पेशी ओळखून काढतो.

‘पीई’ म्हणजे फायकोएरिथ्रिन. समुद्रातलं लाल शेवाळ अंधूक उजेडातला प्रकाश गोळा करायला हे रंगद्रव्य वापरतं. त्यावर 488 नॅनोमीटरचा निळा लेझर पडला, की ते 578 च्या आसपास पिवळसर नारिंगी उजळतं. ओळखण्याचं काम अँटिबॉडीचं, ती ओळख आपल्याला दिसेल असं करण्याचं काम शेवाळाच्या रंगाचं.

आता ही ओळ प्रत्यक्ष कामाला लागलेली पाहू. उल्हासनगर किंवा बदलापूरमधल्या एखाद्या मुलाचा ताप हटत नाही, अंगावर निळे डाग उठतात, जवळच्या लॅबला स्लाइडवर ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशींची शंका येते. मग फाइल घेऊन आईवडील लोकलने परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय गाठतात. मुलाच्या अस्थिमज्जेचा नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीतून तपासणीला जातो, आणि पुढचे दिवस घरात एकच प्रश्न असतो, ‘फ्लो आला का?’

फ्लो म्हणजे फ्लो सायटोमेट्रीचा अहवाल. तिच्या यंत्रात अशा अँटिबॉडी लावलेल्या पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारोंनी. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. सीडी19 उजळला, एवढ्यावरून निदान होत नाही. निरोगी बी पेशीही उजळतेच. मात्र तोच ठिपक्यांचा पुंजका सीडी45 वर फिका असेल, सीडी10 आणि सीडी34 वर उजळ असेल, तर बी-लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचं चित्र स्पष्ट होत जातं. एकट्या शब्दाला इथे अर्थ येत नाही. तो शेजारच्या शब्दांतून येतो.

उपचारांनंतर वाचन आणखी कठीण होतं. सावरणाऱ्या मज्जेत नव्या, निरोगी बालपेशी उगवतात, त्यांना हेमॅटोगोन म्हणतात. त्यांच्याही अंगावर सीडी19 आणि सीडी10 असतात. दहा हजारांत एक उरलेली रोगपेशी त्यांच्यातून वेचायची, तर त्या पेशी कोणत्या क्रमाने मोठ्या होतात, सीडी38 किती उजळ आहे, हे सारं डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. चूक झाली, तर एक तर बऱ्या झालेल्या मुलाला विनाकारण औषध मिळेल, नाही तर आजार हातून निसटेल.

हेच सीडी19 आता उपचाराचंही लक्ष्य झालं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचारपद्धतीला ऑक्टोबर 2023 मध्ये देशात मंजुरी मिळाली. तिच्यात रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशींना सीडी19 पकडणारा अँटिबॉडीचा तुकडा बसवतात. पण काही वेळा रोगपेशी सीडी19 च टाकून देते. मग पडद्यावर अंधार दिसतो, आणि त्याचे दोन अर्थ होतात: शत्रू संपला किंवा त्याने ओळखीची खूण पुसली. म्हणून जाणकार सीडी22, सीडी24 यांनाही विचारतात आणि मगच निकाल लिहितात.

या ओळीची थोरवी तिच्या संयमात आहे. ती एकाच गोष्टीची ग्वाही देते आणि ती चोख देते. आजार आहे की नाही, हे ती सांगत नाही. ते ठरवण्याची जबाबदारी ती वाचणाऱ्यावर सोपवते. परळला बसलेला तो वाचक जेवढा सावध, तेवढं बदलापूरच्या त्या पोराचं औषध अचूक.