लघुनोंदीतील क्रियापद

मराठी कोशवाङ्मयाविषयी जे लिहिले जाते, त्यात कोशकारांच्या चिकाटीचा गौरव असतो, खंडांची संख्या असते आणि परिभाषेच्या दुर्बोधतेविषयी एखादी तक्रार असते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड, दाते-कर्वे यांच्या सुलभ विश्वकोशाचे ६ भाग, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली ज्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला तो मराठी विश्वकोश, या सर्वांचे मूल्यमापन बहुधा याच अंगांनी झाले आहे. कोशाचा सर्वांत लहान घटक जो आठदहा ओळींची नोंद, तिच्या वाक्यरचनेकडे मात्र समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. केतकरांचे पहिले पाच प्रस्तावनाखंड सलग वाचणारा विरळा. बहुसंख्य वाचकांचा कोशाशी जो संबंध येतो तो या लघुनोंदीपुरताच. एखादे गाव, एखादे मूलद्रव्य, एखादी लढाई यांविषयी चार वाक्ये वाचून तो कोश मिटतो, आणि त्या चार वाक्यांतील निश्चितता बरोबर घेऊन जातो. ती निश्चितता कोठून येते, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

लघुनोंदीचे पहिले वाक्य म्हणजे लक्षण. आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असे म्हटले तर अव्याप्ती. शिंगे असलेली, असे म्हटले तर अतिव्याप्ती. एक खूर असलेली, असे म्हटले तर असंभव. मराठी कोशकार या तिन्ही दोषांविषयी बहुधा सावध असतात. परंतु लक्षण किती खात्रीने केले आहे, हे सांगण्याची सोय या व्यवस्थेत नाही. ते काम भाषेत क्रियापदाकडे येते. आणि लघुनोंदीच्या पहिल्या वाक्यात क्रियापद गाळण्याचा प्रघात आहे. ‘बुलढाणा जिल्ह्यातील खाऱ्या पाण्याचे सरोवर.’ येथे पूर्णविराम आहे, विधेय आहे, क्रियापद नाही. स्थळ सांगताना हे चालते. ‘उल्कापाताने निर्माण झालेले विवर’ असे त्याच साच्यात लिहिले, की अनुमान आणि स्थळनिर्देश एकाच तोलाचे होतात.

मराठीत ‘आहे’, ‘असतो’ आणि ‘होय’ ही तीन रूपे एकमेकांच्या जागी सहसा येत नाहीत, हे वैयाकरणांना ठाऊक आहे. ‘कळसूबाई हे शिखर अहमदनगर व नाशिक या जिल्ह्यांच्या सीमेवर आहे’ ही वस्तुस्थिती, (या नोंदीत आता अहिल्यानगर असे नाव लिहावे लागेल, हा भाग निराळा.) ‘गाईला चार पाय असतात’ हा जातीचा धर्म, ‘अमुक तो ग्रह होय’ ही व्याख्या. प्लूटोचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १९३० साली त्याचा शोध लागल्यापासून ७६ वर्षे तो नववा ग्रह म्हणून कोशांत नांदला. २००६ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरविली आणि तो बटुग्रहांत गेला. त्या वर्षी प्लूटोत काहीच बदलले नव्हते. बदलली ती व्याख्या. म्हणून जुन्या नोंदीत ‘ग्रह होय’ असे कोणी लिहिले असेल, तर त्याने योग्य क्रियापद वापरले असेच म्हणावे लागेल. ‘होय’ने वर्गीकरणाची जबाबदारी वर्गीकरण करणाऱ्यांवर ठेवली.

लोणारची गोष्ट निराळी आहे. सुमारे १.८ कि. मी. व्यासाच्या या विवराचा संबंध दीर्घकाळ ज्वालामुखीशी जोडला जात असे. येथील खडकांत आघाताच्या प्रचंड दाबाने फेल्स्पार खनिजाची झालेली काच सापडली आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर ते आघातविवर ठरले. येथे व्याख्या बदलली नाही, पुरावा बदलला. १९७३ पूर्वी ज्याने ‘ज्वालामुखीजन्य असावे’ असे लिहिले असेल, त्याची नोंद आजही खोटी ठरत नाही; ‘ज्वालामुखीजन्य आहे’ असे लिहिणाऱ्याची ठरते. वयाच्या बाबतीत अडचण अजून कायम आहे. तप्तदीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे आले. २०११ साली आर्गॉन समस्थानिकांवरून ते सुमारे ५,७०,००० वर्षे काढण्यात आले. दोहोंत दहापटींहून अधिक अंतर आहे. अशा वेळी नोंदलेखक एक आकडा उचलतो आणि त्यापूर्वी ‘सुमारे’ घालून मोकळा होतो. हे केवळ अपुरे नाही, दिशाभूल करणारे आहे. ‘सुमारे’ या शब्दाने मापनातील शिथिलता सांगितली जाते. दोन मापनांतील विरोध त्याने झाकला जातो.

इतिहासाच्या नोंदीत हाच प्रकार कंसात घडतो. व्यक्तिनामापुढील जन्ममृत्यूच्या कंसात तर वाक्यच नसते. तेव्हा संशयाला जागा कोठून मिळणार? जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी होती. परमानंदाच्या शिवभारताने तिला दुजोरा दिला. तरीही १९२७ सालचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव १६२७ सालच्या वैशाखातील जुन्या तिथीला धरूनच झाला. पुढे शासनानेही १६३० हे वर्ष मान्य केले. मधल्या काळात कोणत्याही कोशाला कंसात कोणते तरी एक वर्ष घालणे भाग होते. ‘सु.’ येथे निरुपयोगी, कारण प्रश्न तीन वर्षे इकडेतिकडे होण्याचा नव्हता; दोन निश्चित तिथींपैकी कोणती खरी, हा होता. दोन्ही वर्षे तिरक्या रेषेने जोडून लिहिली असती, तर चार अक्षरांची जागा अधिक गेली असती.

यावर नेहमीचे उत्तर असे, की लघुनोंदीत वादाला जागा नसते. इंग्रजीपुरते त्यात काही तथ्य असेल. संभाव्यता सांगण्यास तेथे बहुधा निराळा शब्द लागतो. मराठीत ‘आहे’च्या जागी ‘असावे’ लिहिले, की एका शब्दाच्या ठिकाणी एकच शब्द येतो. व्याकरणात ज्याला विध्यर्थ म्हणतात, त्या रूपाचा तर्क दर्शविणारा हा उपयोग बोलीभाषेत सर्रास होतो. कोशाच्या भाषेत मात्र तो कमीपणाचा मानला जातो, असे दिसते. (अर्थात कळसूबाईची उंची १,६४६ मी. ‘असावी’ असे कोणी लिहील, तर त्याने एखादा मोजणीचा नकाशा पाहावा, एवढेच म्हणता येईल.)

‘असावे’ टाळणारे नोंदलेखक त्याऐवजी ‘मानले जाते’, ‘समजले जाते’ यांचा आश्रय घेतात. वरवर पाहता हीही सावधगिरीच. परंतु दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. ‘असावे’ म्हणणारा स्वतः तर्क करतो आणि तो चुकल्यास उत्तरदायी राहतो. ‘मानले जाते’ यात कर्ता लुप्त आहे. कोण मानतो, केव्हापासून, कशाच्या आधारे, हे विचारण्याची वाटच बंद होते. संशोधक, शालेय पाठ्यपुस्तक आणि गावातील दंतकथा यांना एकाच कर्मणी प्रयोगात बसविले जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत ही रचना जी पसरली आहे, तिचे एक उगमस्थान अशा नोंदींत शोधावे लागेल.

मराठी विश्वकोशाच्या नोंदी आता संकेतस्थळावर उपलब्ध आहेत आणि त्या अद्ययावत करणे मुद्रणाच्या काळापेक्षा सोपे झाले आहे. २०२० सालच्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले; त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. त्याच वर्षी या सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. अशी भर घालणे सुलभ आहे, कारण तिच्यासाठी नवे वाक्य लिहावे लागते. वयाविषयीच्या जुन्या वाक्यातील ‘आहे’ काढून तेथे काय घालावे, हा निर्णय मात्र प्रत्येक नोंदीगणिक कोणा तरी संपादकाला करावा लागेल, आणि त्यासाठी मूळ लेखकाने ते विधान किती खात्रीने केले होते, हे प्रथम ठाऊक असावे लागेल.