सोंगाड्याची संहिता

तमाशाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. लावण्यांचे संग्रह निघाले, शाहिरांची चरित्रे झाली. जे कागदावर उतरते त्यावर आमच्या समीक्षकांचे प्रेम असते. पण रोज रात्री नव्याने जन्मणारी आणि पहाटे विरून जाणारी सोंगाड्याची बतावणी? तिला 'हजरजबाबीपणा' म्हणून शाबासकी दिली की समीक्षकाचे काम संपते. हजरजबाबीपणा हा स्वभाव मानला जातो, कला नव्हे. महार-मांगांच्या फडांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली विद्या एकदा 'उपजत' ठरवली, की तिचे श्रेय कोणालाच द्यावे लागत नाही.

वस्तुस्थिती काय आहे? गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा सांगाडा पक्का असतो. वगाचे कथानक सरदाराच्या डोक्यात असे. राजा कोण, प्रधान कोणता कट करतो, शेवट कुठे व्हायचा एवढे तो सांगे. मधले संवाद जो तो उभ्या उभ्या रची. इटलीतील कोमेदिया देल आर्ते या नाट्यप्रकारातही नट केवळ कथासूत्र घेऊन रंगमंचावर येत. त्यावर युरोपात ग्रंथ लिहिले गेले. व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंनी उत्स्फूर्त अभिनयाच्या खेळांवर १९६३ साली पुस्तक लिहिले, तेव्हा ते शास्त्र ठरले. आमच्या सोंगाड्याने तेच केले, तर ती त्याची 'गावरान गंमत' ठरते.

'गाढवाचं लग्न' छापील स्वरूपात वाचून पाहावे. हरिभाऊ वडगावकरांचे नाव त्यावर आहे, आणि ते योग्यच आहे. पण दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार त्या पानांत सापडत नाही. १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'चेही तेच. गिरणगावात वाढलेल्या दादा कोंडक्यांनी त्यात रोजच्या राजकारणाची जी भर घातली, ती छापील प्रतीत कुठून असणार? संहिता हीच कलाकृती मानणाऱ्या समीक्षेच्या हाताला येथे नटाची सावलीदेखील लागत नाही.

संहितेचा हा आग्रह निष्पाप नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. पुढे ती उठली ती अटींसकट. लेखी संहिता आधी दाखवा, मंजूर करून घ्या, मगच खेळ करा. ज्या कलेचा प्राणच लेखणीबाहेर आहे तिला कागदावर हजर राहण्याचा हुकूम झाला. अश्लीलता हे कारण सांगितले गेले. पण लिहून घेतलेला विनोद पाटलावर, सावकारावर, मंत्र्यावर आयत्या वेळी उलटू शकत नाही, हा लाभही काही लहान नव्हता.

मी हे केवळ पुस्तके वाचून लिहीत नाही. स्वारगेटच्या एस. टी. स्थानकामागे एका शाळेच्या खोलीत संध्याकाळी आम्ही काही विद्यार्थी घेऊन लोकनाट्याची तालीम करीत असू. बहुतेक मुले घरातली पहिलीच शिकणारी, जसा मी होतो. वगाचे कथानक मी दिले, संवाद त्यांचे. पहिला खेळ एका महाविद्यालयाच्या सभागृहात झाला आणि तुफान रंगला. सोंगाड्या झालेल्या मुलाने आईच्या बोलीत दोन वाक्ये टाकली आणि सभागृह कोसळले. त्याने पुन्हा टाकली, पुन्हा हशा. शेवटी तो आईच्या चालण्याचीही नक्कल करू लागला. टाळ्या कडाडत होत्या. आत आल्यावर तो म्हणाला, "सर, हसले हो, पण कशाला हसले?" आमची सर्वांत वाईट रात्र ती होती.

मग मी घाबरलो आणि शिक्षकासारखा वागलो. सगळे संवाद लिहून काढले, पाठ करवून घेतले. पुढचा खेळ निर्दोष झाला आणि मेला. सरकारी मंडळाने जे तमाशाचे केले तेच मी माझ्या मुलांचे केले, हे कळायला मला तो मेलेला खेळ पाहावा लागला. तिसऱ्या खेपेला वही बाजूला ठेवली. दोनच नियम ठेवले: समोरचा काय बोलतो ते आधी ऐकायचे, आणि आपल्यापेक्षा खालच्याला हसायचे नाही.

१ ऑगस्टला, अण्णाभाऊ साठे जयंतीला, सारसबागेजवळच्या त्यांच्या पुतळ्याला हार घालून आम्ही एका वस्तीत खेळ केला. हशा बेताचाच होता. राजा पाणीपट्टीचा हुकूम सोडत होता, तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "आरं, आधी नळाला पानी सोड!" सोंगाड्या क्षणभर गप्प झाला. मग त्याने राजाला सिंहासनावरून उठवले, म्हातारीला हात धरून आणले, तिथे बसवले आणि म्हणाला, "महाराज, आता अर्ज हिकडं करा." ढोलकीवाल्याने नेमकी तिथेच थाप दिली. ते वाक्य कोणत्याही वहीत नव्हते. त्या रात्री वस्ती आपल्याला हसली नाही, राजाला हसली.

हा निकष माझा शोध नव्हे. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तो फार आधी ओळखला होता. त्यांनी गणातला गणपती आणि गौळणीतली छेडछाड बाजूला सारली, पण सवाल-जबाबाचे विनोदी अंग टाकले नाही. त्याचे तोंड फिरवले. विनोद तोच, मार खाणारा बदलला.

म्हणून उत्स्फूर्ततेला डोळे मिटून वंदन करावे असे माझे म्हणणे नाही. आयत्या वेळी सुचते ते नेहमीच मुक्त नसते. वर्षानुवर्षे अंगात मुरलेली गुलामीही आयत्या वेळीच बाहेर येते, आणि तिला टाळ्या अधिक मिळतात. बाईची टवाळी, आंधळ्या-पांगळ्याची नक्कल, जातीवरचा टोमणा ही सोंगाड्याच्या हाताशी तयार असलेली नाणी आहेत. ती न वापरता हसवणे ही साधना आहे, आणि दिग्दर्शकाने पहारा द्यायचा तो येथेच.

समीक्षकानेही तेच करावे. हशा किती झाला हे तिकीटविक्रीवाला मोजतो. हसले कोण आणि कोणाला, हे ज्याला मोजता येत नाही त्याने तमाशावर लिहू नये.