मुक्कामाची ओळ

नर्मदा परिक्रमेवरील मराठी पुस्तके गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतकी वाढली आहेत की, त्यांना स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानण्यास आता हरकत नसावी. आम्हां माळवा-निमाडातील मराठी वाचकांस या पुस्तकांचे अगत्य अधिक. ओंकारेश्वर, मंडलेश्वर, महेश्वर ही आमच्या नित्य जाण्यायेण्यातील गावे. ती पुण्या-नाशिककडच्या लेखकाच्या दृष्टीस कशी पडली, हे पाहण्याची उत्सुकता असते. या उत्सुकतेपोटी आम्ही अशी बरीच पुस्तके वाचली, आणि ती वाचताना एक गोष्ट आम्हांस सतत खटकत राहिली. त्या एका गोष्टीपुरतेच येथे लिहीत आहोत.

परिक्रमावासी दिवसा चालतो आणि संध्याकाळी एखाद्या लहान गावी, आश्रमात, धर्मशाळेत किंवा कोणाच्या ओसरीवर आसन लावतो. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तटांचे मिळून अडीच हजारांहून अधिक. पूर्वापार विधी ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवसांचा. आता बहुतेक जण काही महिन्यांत पूर्ण करतात. तरीही शंभराहून अधिक रात्री परक्या छपराखाली जातातच. या रात्री पुस्तकात मात्र एका ओळीच्या होऊन येतात. अमुक गावी पोहोचलो, भोजनप्रसादी झाली, मैयाने व्यवस्था केली, सकाळी निघालो. चालण्याला दहा पाने, मुक्कामाला एक ओळ.

थकल्या माणसाने रोजनिशीत एवढेच लिहावे, हे समजण्यासारखे आहे. पण पुस्तक सावकाश, घरी बसून लिहिले जाते. तेव्हाही ती ओळ तशीच राहते, याचे कारण थकवा नव्हे. कारण त्या ‘मैयाने व्यवस्था केली’ या वाक्यातच आहे. श्रद्धेच्या दृष्टीने ते खरे असेल, त्याविषयी आमचा वाद नाही. पण व्याकरणाच्या दृष्टीने त्यात कर्ता बदललेला आहे. संध्याकाळी दारात पाच जण उभे राहिले, तेव्हा ‘किती मूर्ती आहेत?’ असे विचारणारे कोणीतरी होते. परिक्रमेच्या वाटेवर माणसे मोजण्याची हीच रीत. माणसास मूर्ती म्हणतात. हा प्रश्न ऐकून परिक्रमावासी लेखक भारावतो आणि त्या भारावण्याविषयी परिच्छेद लिहितो. परंतु हा प्रश्न मुळात पिठाचा हिशेब आहे. तो विचारून कोणी स्त्री आत गेली, तिने चुलीत पुन्हा लाकूड सारले आणि पाच जणांची कणीक मळली. पुस्तकात ती येत नाही. तिच्या जागी नदी येते.

यावर कोणी म्हणेल, दात्यालाच नाव नको असते. गुप्तदानाची आपली परंपरा आहे. मान्य. पण नाव न सांगणे हा दात्याचा अधिकार आहे, घेणाऱ्याचा नव्हे. शिवाय आम्ही नाव मागत नाही; माणूस मागतो. ते घर कशावर चालते, यंदा कापूस कसा आला, हंगामात रोज असे किती जण येतात, घरातील सुनेला याचे काय वाटते, एवढे विचारण्यास संध्याकाळ पुरेशी असते. शासकीय सेवेत निमाडातील लहान गावी आम्ही पुष्कळ रात्री काढल्या. दिवसा गाव साहेबापुढे उभे असते. ते बोलते दिवेलागणीनंतर.

मराठीत हे कोणी केलेच नाही असे नाही. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख आमच्या मते या बाबतीत आजही मानदंड आहे. तो नर्मदेचा नव्हे, पंढरीच्या वाटेचा. त्यातील महाराष्ट्राची व्याख्या सर्वांस ठाऊक आहे. व्याख्यानांत ती हमखास येते. पण लेखाचे मर्म दुसरीकडे आहे. दिवसभर एका दिंडीत एक अभंग म्हणत चाललेली माणसे जेवणाच्या वेळी जातवार वेगळी बसतात, हे बाईंनी पाहिले, त्याचे त्यांना रोज वाईट वाटले आणि त्यांनी ते लिहिले. वाटेवर सगळे समान असतात, हे दिंडीबरोबर दोन मैल चालणाराही लिहू शकतो. ती समानता चुलीपाशी टिकते की नाही, हे पाहण्यासाठी थांबावे लागते. लेखाचे नाव ‘वाटचाल’ असले तरी त्याचा कस लागला आहे तो थांबण्याच्या जागी. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’चेही (१९६४) तेच. स्वतः वारकरी नसलेला हा लेखक मुक्कामागून मुक्काम माणसांना विचारीत जातो: तुम्ही का आलात, घरी कोण आहे. उत्तरे साधी असतात, कधी उत्तर मिळतच नाही. पण पुस्तक माणसांनी भरलेले राहते.

वारीला एक सोय आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम लोणंदला असो की नातेपुत्यास, संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदाराने चोप उंचावला की सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र आपले टाळ वाजवीत राहते. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, हरवल्या-सापडल्याचे पुकारले जाते, आणि मगच आरती. म्हणजे गाऱ्हाणे हे तेथे भक्तीत विघ्न मानलेले नाही. त्याला जागा ठेवलेली आहे. परिक्रमेत तळ नाही, चोपदार नाही. एकटादुकटा पांथस्थ आणि यजमान यांचाच संबंध. तेथे टाळ वाजत ठेवण्याचे काम लेखकानेच करावयाचे आहे. आमची पुस्तके ते करीत नाहीत.

नर्मदेवरच्या लेखनातही जुने उदाहरण आहे. गो. नी. दांडेकर यांनी तरुण वयात परिक्रमा केली. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्या अनुभवावर उभी आहे. ती वाचून अनेक वर्षे लोटलेल्या वाचकास घाट आणि मंदिरे आठवत नाहीत, यशोदा आठवते. जबलपूरचे अमृतलाल वेगड मराठी नव्हेत, पण आमच्या बाजूच्या मराठी घरांत त्यांची हिंदी पुस्तके आवडीने वाचली गेली. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेल्या या चित्रकाराने १९७७ पासून तुकड्यातुकड्यांनी परिक्रमा केली. त्यांच्या हातात वही आणि पेन्सिल होती, आणि समोरचा माणूस काढावयाचा तर त्याच्याकडे पाहावेच लागते. त्यांच्या गद्यालाही ती सवय लागलेली दिसते. जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ निराळ्या जातीचे. त्याचा ओढा साधनेकडे आणि अतर्क्य अनुभवांकडे आहे आणि त्या मर्यादेत ते प्रामाणिक आहे. अडचण त्याच्या अनुकरणाची. ज्यांना तसा अनुभव आला नाही, त्यांनीही तीच भाषा उचलली.

भारती ठाकूर यांच्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. त्यांनी २००५-०६ मध्ये परिक्रमा केली आणि ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ हे पुस्तक लिहिले. नावाप्रमाणे त्यातील प्रवास बराचसा आतला आहे. पण पुढे नोकरी सोडून त्या निमाडातच, मंडलेश्वर-लेपा परिसरात, मुलांच्या शिक्षणाच्या कामासाठी येऊन राहिल्या, आणि त्या कामावर ‘गोष्ट नर्मदालयाची’ हे पुस्तक आले. वाङ्मयीन दृष्ट्या पहिले पुस्तक अधिक बांधेसूद मानले जाईल. आम्ही दुसरे वरचढ मानतो. त्यात मुले आहेत, त्यांचे पालक आहेत. ज्या गावांतून परिक्रमावासी एका रात्रीत पुढे जातो, तेथे बाईंनी वर्षे काढली आणि यजमानाच्या बाजूने पाहिले.

आता थोडे आमच्या स्वतःविषयी. या पुस्तकांत महेश्वर आले की अहिल्याबाईंचा इतिहास येतो, घाटाचे वर्णन येते, साडीचे येते. मग एखादे मराठी घर भेटते, वरणभात मिळतो आणि लेखकास ‘इतक्या दूर आपला माणूस’ भेटल्याचा आनंद होतो. दूर कोणापासून? होळकरांच्या काळापासून येथे असलेल्या कुटुंबास आपण कोठून दूर आहोत असे वाटत नाही. त्यांच्या मराठीत निमाडी मिसळली आहे, शेजार निमाडी आहे, आणि सदाव्रताचा शिधा देण्याची रीत त्यांनी येथेच उचलली. यातले काही त्या पानांत येत नाही. आम्ही तेथे असतो ते वरणभातापुरते.

सरदार सरोवर सप्टेंबर २०१९ मध्ये १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. चिखलदा, निसरपूर ही खालच्या निमाडातील गावे बुडितात गेली. परिक्रमेची वाट वर सरकली. त्याआधीच्या पुस्तकांत या टापूतील ओसऱ्यांवर लोक निजले आहेत, जेवले आहेत. ज्याने तेथील संध्याकाळ लिहून ठेवली त्याचे पान आता दस्तऐवज झाले आहे. ज्याने ‘व्यवस्था उत्तम झाली’ एवढेच लिहिले, त्याला ती ओळ वाढविता येणार नाही. विचारावयास ते घर उरलेले नाही.

परिक्रमावासीजवळ एक वही असते. मुक्कामाच्या ठिकाणी तिच्यावर शिक्का आणि तारीख घेतात. काही आश्रमांत आणि घरांत उलट बाजूचीही वही असते: कोण आले, कोठून आले, किती मूर्ती, कधी गेले. पहिल्या वहीवरून पुष्कळ पुस्तके झाली. दुसरीवरून झालेले एकही मराठी पुस्तक आमच्या पाहण्यात आलेले नाही. मंडलेश्वर-महेश्वरकडे ज्यांचे आप्त आहेत अशा सभासदांनी पुढील खेपेस तेथे गेल्यावर घरातील वडीलधाऱ्यांकडे अशा वह्यांची चौकशी करावी, आणि वही मिळालीच तर ती नेऊ नये, तेथेच बसून उतरून घ्यावी.